आळं ओलं, शेंडा तहानलेला: डाळिंबाची मर दर बहाराला परत का येते?

पावसाळा लागला की माझ्या फोनवर एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येतं. "दादा, पाणी बख्खळ हाय, आळं ओलं हाय, तरी झाड माना टाकायलंय." मी विचारतो, "मग काय केलं?" उत्तरही ठरलेलं. "आजून दोन तास ठिबक चालवलं."

हसायला मला तोंड नाही. आठ वर्षांपूर्वी सांगोल्याकडच्या आमच्या दोन एकरांत मीही तेच केलं. तिसऱ्या ओळीतल्या एका झाडाच्या चार खोडांपैकी एकाची पानं पिवळी पडली, मग खाली वळली. मला वाटलं ड्रिपर चोकअप झाला. ड्रिपर बदलला. चार दिवसांनी युरिया दिला. कुणीतरी सांगितलं म्हणून ह्युमिक, म्हणजे मुळांचं टॉनिक, सोडलं, वरून सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी घेतली. तीन आठवड्यांत झाडाचं सरपण झालं. पेरूएवढी झालेली फळं जागच्या जागी वाळून लटकत राहिली, आणि त्याच ओळीतल्या शेजारच्या दोन झाडांनी रंग बदलायला सुरुवात केली. त्या बहारात, म्हणजे फुलं-फळांच्या त्या हंगामात, अकरा झाडं गेली, पुढच्या बहारात सतरा. झाड उपटायचं, त्याच खड्ड्यात नवी गुटी (झाडावरच्या काडीला मुळ्या फुटवून केलेलं रोप) लावायची, दीड-दोन वर्षांनी तीही गेली की पुन्हा पहिल्यापासून.

टाकी भरलेली होती, पाइप चोंदली होती. एवढं कळायला मला दोन बहार आणि अठ्ठावीस झाडं लागली. पाइप कुठे असते, चालते कशी आणि चोंदली हे ओळखायचं कसं, ते इथे एकदाच नीट लिहून ठेवतो, म्हणजे फोनवर निम्मं सांगून निम्मं राहणार नाही.

गुटी बांधताना रोज दिसणारी गोष्ट

गुटी बांधताना आपण काय करतो? पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काडीची इंचभर साल गोल सोलून काढतो. खालचं पांढरं लाकूड उघडं पडतं. त्यावर ओलं शेवाळ गुंडाळून वरून प्लास्टिक बांधतो. म्हणजे त्या जागी साल पूर्ण तुटलेली असते. तरीही वरची काडी सुकत नाही, पानं टवटवीत राहतात, कधी कधी कळीसुद्धा धरते.

कारण पाणी सालीतून चढतच नाही, लाकडातून चढतं. सालीतून प्रवास करतो तो पानांनी तयार केलेला गोड रस. तो वरून खाली येता येता कापाशी अडतो, तिथे साठतो, आणि कापाच्या वरच्या काठाला मुळ्या फुटतात. शाळेच्या पुस्तकात आपण जलवाहिनी आणि रसवाहिनी पाठ केल्या होत्या, त्या याच. जलवाहिनी लाकडात, रसवाहिनी सालीत. परीक्षेत मार्क मिळाले आणि शेतात उतरल्यावर विसरलो.

यातून निदानाची पहिली खूण मिळते. उंदरानं बुंध्याभोवतीची साल कुरतडली तर झाड त्याच आठवड्यात माना टाकत नाही. मुळं उपाशी पडून खचायला वेळ लागतो, कधी कधी आख्खा हंगाम जातो. आठ-पंधरा दिवसांत फळांसकट सुकणाऱ्या झाडाचं दुखणं लाकडात तरी असतं किंवा मुळांत तरी. सालीला मलम लावून त्याचा उपयोग नाही.

मेलेल्या नळ्या आणि न तुटणारी दोरी

या नळ्या मेलेल्या असतात, हे पचायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पेशी जन्मते, लांब होते, भिंतीला आतून लिग्निनचं अस्तर चढवते आणि मग आपणहून मरते. आतला सगळा ऐवज नाहीसा होतो, टोकाच्या आडव्या भिंती विरघळतात, आणि एकावर एक रचलेल्या अशा पेशींची मिळून एक पोकळ नळी तयार होते. रुंदी केसाएवढी किंवा त्याहून कमी.

मेलेली नळी पाणी वर कसं चढवणार, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. जर्मनीत बॉनच्या एडुआर्ड स्ट्रासबुर्गर यांनी ओकचं वीस मीटरहून उंच झाड बुंध्यात कापून पिक्रिक आम्लात उभं केलं. १८९१ मध्ये त्यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले. विष वर चढत गेलं, वाटेतल्या जिवंत पेशी मारत गेलं, तरी झाड खालचा द्रव ओढतच राहिलं. म्हणजे ओढण्यासाठी खोडातल्या जिवंत पेशींची गरज नव्हती. पुढे १९२३ च्या सुमारास आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी जिवंत पेशींच्या स्पंदनांनी पाणी वर ढकललं जातं असं मांडलं. बोसांबद्दल आदर आहेच, पण हा विचार कसोटीला टिकला नाही.

टिकला तो डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी १८९४ मध्ये मांडलेला विचार. ओढ वरून असते. ऊन पडलं की पानांच्या पर्णरंध्रांतून वाफ बाहेर जाते. पानाच्या आतल्या पेशींच्या भिंतींवर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, तो अतिसूक्ष्म छिद्रांत मागे ओढला जातो आणि मागचं पाणी खेचतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे पानापासून पांढऱ्या मुळीपर्यंत आख्खी पाण्याची दोरी ताणली जाते. विहिरीवरून पोहऱ्याची दोरी ओढावी तशी. फक्त इथे दोरीही पाण्याची आणि पोहऱ्यातही पाणीच. ओढणारा सूर्य, त्यामुळे झाडाला विजेचं बिल येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, वरून ओढणारी मोटर तर पाणी फार खोलातून घेत नाही. बरोबर. विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटर खाली उतरवावी लागते, हे पोरालाही ठाऊक आहे. हवेच्या दाबावर चालणारं ओढकाम समुद्रसपाटीलासुद्धा १०.३ मीटरला संपतं. पण कॅलिफोर्नियातले रेडवूड ११५ मीटरपर्यंत जातात आणि त्यांच्या शेंड्यालाही हिरवी पानं असतात. फरक इथे आहे की मोटर पोकळी करते आणि पोकळीत पाणी ढकलायचं काम बाहेरची हवा करते. झाडात पोकळी नसतेच. पाण्याचा अखंड धागा प्रत्यक्ष ताणलेला असतो, आणि तो हवेच्या दाबाच्या दहा-वीस पट ताणसुद्धा सोसतो. अंदाजासाठी सांगतो, मोटारीच्या टायरात साधारण ३२ पीएसआय हवा असते. पंधरा पट म्हणजे २२० पीएसआयच्या आसपास, जवळजवळ सात टायरांएवढा जोर, आणि तोही फुगवणारा नव्हे, आत खेचणारा. म्हणून तर नळीच्या भिंतीला लिग्निनचं अस्तर लागतं. नसतं तर शीतपेयाच्या स्ट्रॉसारखी नळी चिपकली असती.

दोरी तुटते कशी

ताणलेल्या धाग्यात हवेचा एक बुडबुडा शिरला की खेळ संपला. बुडबुडा क्षणात फुगतो, त्या नळीतलं पाणी तुटतं, नळी हवेनं भरते आणि बाद होते. १९६६ मध्ये मिलबर्न आणि जॉन्सन यांनी सुकत चाललेल्या एरंडाच्या पानाला संवेदक लावून हे तुटणं चक्क ऐकलं. टिक, टिक असा आवाज. आपल्या बांधावरचाच एरंड, पण आपण कधी कान लावला नाही.

एक नळी गेली म्हणून झाड मरत नाही, कारण नळ्यांच्या मधल्या भिंतींत चाळणीसारखे पडदे असतात. पाणी त्यांतून बाजूला सरकतं, हवा सहसा अडकते. ताण अतोनात वाढला तरच हवा पडद्यातून खेचली जाऊन शेजारच्या नळीत शिरते. तिथून पुढे साखळी सुरू होते.

रोग आणखी वेगळ्या रस्त्यानं येतो. डाळिंबाच्या मर रोगात मुख्य नाव घेतलं जातं ते सेराटोसिस्टिस फिम्ब्रिआटा या बुरशीचं. काही बागांत फ्युजेरियम सापडते, काही ठिकाणी दोन्ही. बुरशी मुळाच्या जखमेतून किंवा खोडाच्या छिद्रातून लाकडात शिरते. झाड मग स्वतःचा बचाव करायला जातं. नळीला लागून असलेल्या जिवंत पेशी पडद्यातून फुग्यासारख्या नळीत घुसतात, डिंकासारखा पदार्थ सोडतात, आणि बुरशी वर जाऊ नये म्हणून नळी बुजवून टाकतात. म्हणजे पाइप चोंदवण्यात निम्मा हात झाडाचाच. गावात साथ आली म्हणून वेशीचे दरवाजे लावून घ्यावेत आणि नदी वेशीबाहेर असावी, तसं होतं.

शिवाय अर्धवट चोंदणंही महागात पडतं. नळीतून वाहणारं पाणी तिच्या रुंदीच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतं. रुंदी निम्मी झाली की पाणी निम्मं होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. म्हणूनच काल हिरवं दिसणारं झाड आज अचानक माना टाकतं. आत काम महिनाभर चालू असतं, बाहेर एका उन्हात दिसतं.

आधी पहाट बघा

सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे पहाटे साडेपाचला बागेत जाणं. रात्री पर्णरंध्रं मिटतात, ओढ थांबते, आणि मुळं दिवसभराची तूट भरून काढतात. दुपारी पानं मलूल आणि पहाटे ताठ असतील तर पाइप शाबूत आहे. उन्हाचा तडाखा किंवा थोडी पाण्याची कमतरता, एवढंच. पहाटेही पानं लोंबत असतील तर दुखणं खोल आहे. दुपारी बारा वाजता काढलेल्या फोटोवरून मी काहीच सांगू शकत नाही आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पहाटे लोंबलेलं झाड सापडलं की आळ्यात एक फूट खोल उकरा. मूठभर माती दाबून बघा. लाडू होऊन बोटानं हलकेच फुटला तर वाफसा, म्हणजे बेताची ओल, आहे. बोटांतून पाणी निघालं तर थांबा, कारण इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. पाणी साचलेल्या जमिनीत मुळांना हवा मिळत नाही, आणि हवा नसेल तर मूळ पाणी आत घेत नाही. झाड पाण्यात उभं राहून तहानेनं सुकतं. कपाशीत लांब उघडिपीनंतर मोठा पाऊस झाला की येणारी आकस्मिक मर याच जातीची. अशा झाडाला पाणी सोडणं म्हणजे बुडत्याच्या डोक्यावर हंडा ठेवणं. ठिबक बंद करा, चर काढून पाणी बाहेर काढा, माती भुसभुशीत करा. मुळांना आंबूस वास येत असेल आणि त्यांची साल चिमटीत सुटून येत असेल तर मूळकूज सुरू झाली आहे.

माती कोरडी निघाली तर देवाचे आभार माना आणि ड्रिपर तपासा.

खारं बोअर हा आणखी एक छुपा चोर. मातीत क्षार वाढले की माती स्वतःच पाणी धरून ठेवते, मुळाला सोडत नाही. पण तिथे सहसा सगळी बाग हळूहळू खंगते, पानांची टोकं करपतात. एखादंच झाड किंवा एखादंच खोड जात असेल तर क्षारांकडे बोट दाखवू नका.

मग आडवा काप

माती वाफशात, झाड पहाटेही लोंबलेलं, आणि सुरुवात एका खोडापासून. आता करवत घ्या. सुकलेल्या खोडाचा बुंध्याजवळ आडवा काप घ्या आणि लगेच बघा, तासाभरानं नको, कारण हवेनं निरोगी लाकूडही काळवंडतं.

निरोगी डाळिंबाचं लाकूड फिकट पिवळसर असतं. मर लागलेल्या कापात करडे-तपकिरी पट्टे गाभ्याकडून सालीकडे पसरलेले दिसतात, चाकाच्या आऱ्यांसारखे किंवा अर्धवट उघडलेल्या पंख्यासारखे. एका बाजूचं लाकूड स्वच्छ आणि एका बाजूचं डागाळलेलं, असंही दिसतं. एका बाजूच्या नळ्या मुख्यतः त्याच बाजूच्या मुळांना जोडलेल्या असल्यामुळे चार खोडांच्या झाडात एकच खोड आधी जातं. डाग कोणत्या मुळाकडे उतरतोय ते खाली उकरत जाऊन पाहा. माझ्या पहिल्या झाडाचा डाग ठिबकच्या लॅटरलखालच्या (ओळीतून जाणाऱ्या नळीखालच्या) अंगठ्याएवढ्या मुळापर्यंत उतरला होता, आणि त्या मुळाच्या बारीक फांद्यांवर सूत्रकृमींच्या, म्हणजे मातीतल्या सूक्ष्म जंतांच्या, गाठी होत्या, माळेतल्या मण्यांसारख्या. दार तिथून उघडलं होतं.

कापाशेजारी टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि त्यांतून बारीक भुगा येत असेल तर तो पिन होल बोरर, म्हणजे खोडाला छिद्रं पाडणारा दोनेक मिलिमीटरचा भुंगेरा. गंमत अशी की तो लाकूड खात नाही. बोगदा खणतो, त्यात आपल्यासोबत आणलेली बुरशी पेरतो आणि तिच्यावर पिलं वाढवतो. शेतकरीच तो, फक्त आपल्या सातबाऱ्यावर. मरीची बुरशीही या बोगद्यांतून झाडात शिरू शकते.

लाल पाण्याची परीक्षा

हा प्रयोग मला सगळ्यात आवडतो, कारण यात पाइप डोळ्यांनी दिसते. संशयित झाडाची आणि चांगल्या झाडाची अशा दीड-दोन फुटांच्या, भरपूर पानं असलेल्या दोन काड्या घ्या. ग्लासात पाणी आणि खाण्याचा लाल रंग. काड्या त्यात उभ्या करून सावलीच्या कडेला, वारा लागेल अशा जागी ठेवा. तासाभरानं काढून उभ्या चिरा.

पहिल्यांदा केलं तेव्हा दोन्ही काड्यांत रंग जेमतेम बोटभर चढला आणि मी घाबरलो की आख्खी बाग गेली. चूक माझी होती. काडी झाडावरून तोडली की ताणलेली दोरी तुटते आणि कापाच्या तोंडातून हवा आत ओढली जाते. त्यामुळे काडी आणल्यावर बादलीतल्या पाण्यात बुडवून, पाण्याखालीच खालचा चार-पाच इंचाचा तुकडा पुन्हा कापायचा, आणि थेंब सुकायच्या आत रंगात ठेवायची. हारवाले गुलाबाचे दांडे पाण्यात धरून कापतात ते उगाच नाही.

नीट केलं तर चांगल्या काडीत लालभडक रेघा पानाच्या देठापर्यंत गेलेल्या दिसतात. आजारी काडीत रंग फक्त फिकट लाकडातून चढतो आणि तपकिरी पट्टा कोरडाच राहतो. तो कोरडा पट्टा एकदा बघितला की पुन्हा कुणी ठिबकचे तास वाढवत नाही.

गाजराचा डबा

कापाच्या रंगावरून बुरशीचं नाव नक्की सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा आहे, पण घरी करण्यासारखी एक जुनी युक्ती आहे. गाजर स्वच्छ धुऊन जाड चकत्या करा. डाग आणि चांगलं लाकूड जिथे भेटतं तिथला पातळ कपचा दोन चकत्यांमध्ये दाबून धरा, ओल्या टिश्यू कागदासोबत झाकणाच्या डब्यात ठेवा. फ्रिजमध्ये नको, ओट्याच्या कोपऱ्यात. पाच ते दहा दिवसांत गाजरावर करडी बुरशी आणि तिच्यात काळे बारीक ठिपके उगवले, भिंगातून त्या ठिपक्यांना लांब मान दिसली आणि मानेच्या टोकाला मळकट पांढरा चिकट थेंब दिसला, तर सेराटोसिस्टिसचा संशय पक्का समजा. डबा उघडताना पिकल्या केळ्यासारखा वास येतो. आमच्या घरात या डब्यावर 'खाऊ नये' असं लिहून ठेवावं लागलं, त्यामागे एक कोशिंबिरीची गोष्ट आहे, ती पुन्हा कधीतरी. खात्रीसाठी लाकडाचा तुकडा, मुळं आणि माती सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. सडून गेलेलं खोड नेऊ नका, नुकतंच माना टाकलेलं न्या.

औषध कुणाला द्यायचं

आता मुद्द्याचं. प्रोपिकोनॅझोलसारखं आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं, बुरशीनाशक आपण आळवणीतून, म्हणजे पाण्यात मिसळून बुंध्याशी ओतून, देतो. ते झाडात चढतं कशातून? याच नळ्यांतून, पाण्यासोबत. नळ्या बंद असतील तर औषध आळ्यातच राहतं. माना टाकलेल्या झाडाच्या बुंध्यात कितीही महागडी बाटली ओता, लाल रंग जिथे पोचला नाही तिथे औषधही पोचणार नाही. वरून फवारलेलंही बहुतेक पानाच्या शेंड्याकडेच सरकतं, खोडात उतरत नाही.

म्हणून आळवणी शेजारच्यांना द्यायची. ज्या झाडाला मर लागली त्याच्या चारही बाजूंची, दिसायला ठणठणीत दोन-दोन झाडं धरा. त्यांच्या पाइपा उघड्या आहेत, ती औषध ओढतील. दुकानात बिल होतं ते सुकलेल्या झाडासाठी, आणि उपयोग होतो तो हिरव्या झाडाला. मी पहिली दोन वर्षं पैसे नेमके उलट्या बाजूला ओतले. एकच काडी पिवळी असताना पकडलेलं झाड कधी कधी वाचतं, पण त्यावर बाग चालवू नका. मात्रा मी इथे लिहीत नाही. शिफारशी बदलतात, लेबल बघा, आणि माल निर्यातीचा असेल तर काढणीपूर्व किती दिवस थांबायचं ते विचारून घ्या.

वाळलेलं झाड मुळांसकट उपटून जागच्या जागी जाळा. सरपण म्हणून घरी नेऊ नका, बांधावर रचून ठेवू नका. भुंगेरे त्यातूनच उडतात. आणि उपटलेलं झाड ओळीतून ओढत नेऊ नका, मुळांची माती सांडत जाते.

ताणाचं गणित

मर परत परत येण्यामागे बहाराचा ताण, म्हणजे फुलं यावीत म्हणून काही दिवस पाणी तोडणं, हे कारण आपण मानायला तयार नसतो, कारण ताणाशिवाय फुलं नाहीत. ताण द्यायचाच आहे. पण हलक्या मुरमाड रानात आणि काळ्या रानात सारखेच दिवस मोजणं म्हणजे लहान पोराला आणि पैलवानाला एकच उपास. मुरमाड रानात तेवढ्या दिवसांत दोऱ्या भराभर तुटतात, नळ्या हवेनं भरतात. मग ताण तोडताना आपण एकदम दणकून पाणी देतो. पानं नाहीत, ओढ नाही, निम्म्या नळ्या बाद, आणि आळ्यात डबकं. मुळं गुदमरतात. गुदमरलेलं झाड थोडा थोडा अल्कोहोल बाहेर टाकतं, आणि तो वास या भुंगेऱ्यांना हातभट्टीच्या वासासारखा ओढून आणतो. पिन होल बोरर ताणानंतरच का दिसतो, याचं मला पटलेलं उत्तर हे आहे.

पहिलं पाणी हलकं द्या, वाफसा बघत वाढवा. हवा भरलेल्या नळ्यांपैकी काही पुन्हा भरू शकतात. द्राक्षवाल्यांनी हे पाहिलेलं असतं, छाटणीनंतर काडीच्या टोकातून टपटप पाणी गळतं, ते मुळांनी खालून दिलेल्या दाबामुळे. पण सगळ्याच झाडांत हा दाब पुरेसा नसतो. डाळिंबानं मुख्य भरवसा नव्या लाकडावर ठेवायचा. सालीखालचा जिवंत थर दर हंगामात नव्या नळ्या तयार करतो. त्या होण्यासाठी पांढरी मुळी चालू हवी आणि फळांचा बोजा बेताचा हवा. आजारपणातून उठलेल्या झाडावर शंभर फळं ठेवली की ते बहार पूर्ण करून मरतं.

त्याच खड्ड्यात परत तेच

माझी अर्धी झाडं कुठून आजारी झाली याचा छडा लावला तेव्हा बोट गुट्यांकडे गेलं. एका नर्सरीतून स्वस्तात आणलेल्या गुट्या, नाव घेत नाही. मातृवृक्ष कोणत्या बागेतला, हे मी विचारलंही नव्हतं. गुटी म्हणजे त्याच झाडाच्या लाकडाचा तुकडा, त्यातल्या नळ्यांत जे असेल ते आपल्या रानात येतं. आता मी पिशवीतलं एक रोप तिथेच उपटतो, मुळांवर गाठी बघतो, काडीचा तिरका काप घेतो. नर्सरीवाला नाराज होतो. होऊ दे.

कात्री हा दुसरा रस्ता. मजुरांची टोळी काल कोणत्या बागेत होती, आपल्याला माहीत नसतं. बादलीत सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण ठेवा, प्रत्येक झाडानंतर कात्री बुडवा. पहिल्या दिवशी मजूर कुरकुरतात, तिसऱ्या दिवशी सवय होते. संशयित ओळ सगळ्यात शेवटी छाटायची. पाटानं पाणी देत असाल तर आजारी आळ्यातलं पाणी पुढच्या आळ्यात जातं, ते थांबवा. दाट लागवडीत मुळं एकमेकांना भिडतात आणि बुरशी चालत पुढे जाते. चौदा बाय दहा फुटांपेक्षा कमी अंतर ठेवून झाडं जास्त बसवण्याचा हिशेब पाचव्या वर्षी उलटतो. ओळींत झेंडू लावला तर सूत्रकृमी कमी राहतात, आणि दसऱ्याला दोन पैसेही होतात.

आणि खड्डा. तिसऱ्या ओळीतले माझे खड्डे मी उघडे करून आख्खा उन्हाळा तापवले, माती बाजूला काढून टाकली, मग शेणखतात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी मित्र बुरशी, मुरवून भरले. तरी पहिल्या झाडाच्या खड्ड्यात मी अजून काही लावलेलं नाही. दोनदा तिथं रोप गेलंय, तिसऱ्यांदा हात धजत नाही.

फोन करायचा तर जरूर करा. पण आधी चार फोटो पाठवा: पहाटेचं झाड, एक फूट खोलीवरच्या मातीचा लाडू, ताजा आडवा काप आणि लाल पाण्यात ठेवून चिरलेली काडी. काडी पाण्याखाली कापलेली असली पाहिजे.